खोली सोडताना, शाल्मलीसाठी

गीझरचा खटका दोनदा दाब, एकदा दाबला तर तो रुसतो.
बाकीचं शेफिल्ड तुला घरमालक सांगेल,
खाण्याचं मात्र त्याला विचारू नकोस,
तो माणूस उकडलेले वाटाणे खातो, तेही मिटक्या मारत.
म्हणून हा कागद. फ्रीजवर लावलाय, चुंबक तुझंच.

हे गाव म्हणजे नुसते चढ.
गुडघे बोलायला लागले की समज, तू इथली झालीस.
लंडन रोड त्यातल्या त्यात सपाट,
पोटाने जावं असा रस्ता.
लॉण्ड्रीच्या शेजारी थुईबाईंची सहा टेबलं आहेत,
खिडकीजवळच्याचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेलं विजेचं बिल. ते ओढू नकोस.
फो माग. छोटा वाडगा माग, छोटाच मोठा असतो.
वर पसरलेला पाला पुदिना नाही,
आपल्या तुळशीची कुणी परगावी दिलेली बहीण असावी,
वास ओळखीचा, स्वभाव तिखट.
पहिल्या महिन्यात मी तिथे वरण आहे का विचारलं होतं.
बाई हसल्या नाहीत.
मेन्यू उलटा करून नीट शोधलं त्यांनी,
आणि मग म्हणाल्या, आज नाही.

रश्श्यात काय काय असतं ते घरी कळवू नकोस.
मी अकरा वर्षं कळवलेलं नाही.

एक्लसॉल रोडवर, बँकेच्या वरच्या मजल्यावर,
ओक-हीचं कॅफे. मुळ्याचं लोणचं फुकट,
आणि पावसात अडकलेल्यांना बार्लीचा चहा.
ते आता बंद झालंय, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.
तरी यादीत राहू दे.
एकदा जिना चढून बघ, तिसऱ्या पायरीवर
अजून लसणाचा वास आहे,
किंवा मला तरी येतो.

स्टेशनसमोरच्या सुशीवर पैसे घालवू नकोस.
भात थंड, माणसं त्याहून.

आता बूनकाका.
मार्केटच्या मागे, निळं शटर, पाटी नाही.
रात्रपाळी संपवून लॅबमधून निघाले की
सकाळी साडेसहाला तेवढाच एक दिवा लागलेला असायचा.
माझी अक्कलदाढ काढली तो दिवस.
अर्धं तोंड बधिर, गालात कापूस,
मी नुसतं बोटाने दाखवलं, काहीतरी, मऊ.
त्यांनी पुढ्यात ठेवला
गुरगुट्या भात.
अगं, हुबेहूब. वाफ येणारा, मीठ कमी,
प्लास्टिकच्या लाल ट्रेमध्ये.
ते त्याला काही वेगळं म्हणतात, म्हणू देत.
माझ्या पर्समध्ये मेतकुटाची पुडी होती,
असायचीच, कुणाला दाखवायची नाही म्हणून खाली, पासपोर्टच्या खाली.
त्या दिवशी बोलताच येत नव्हतं
तर लाजणार कशाने?
सोडली पुडी, शिवरली.
काका ओट्यामागून बघत होते.
चमचा घेऊन आले, माझ्याच वाडग्यातून
टोकावर एवढंसं घेतलं,
डोळे मिटले, इपोहचे की कुठले कोण जाणे,
आणि रिकामी बशी पुढे केली.

तेव्हापासून वरच्या फळीवर,
व्हिनेगरच्या बाटलीमागे, एक बरणी आहे.
तिच्यावर चिनी अक्षरांत काहीतरी लिहिलंय.
मला वाटायचं, पिवळी पूड वगैरे असेल.
परवा निरोप घ्यायला गेले तेव्हा विचारलं.
म्हणाले, दातवाली बाई.

मी उद्या अ‍ॅबर्डीनला निघते.
किल्ली मीटरच्या पेटीत ठेवली आहे.
बरणी तळाला गेली आहे, शाल्मली,
निघण्याआधी आईला फोन कर,
हरभऱ्याची डाळ जरा जास्त भाजायला सांग.
काकांना खमंग लागतं.